पगारांच्या तक्त्यात माझी ओळ शेवटची

पत्र:

ताई, मी ३६ वर्षांची आहे. एका मोठ्या रुग्णालयात रेडिओग्राफर आहे, एक्स-रे आणि सीटी दोन्ही करते. १४ वर्षं झाली. आमचा शाळेतल्या मैत्रिणींचा गट आहे. एकीने त्यात एक तक्ता टाकला: पद, अनुभव, पगार, सुट्ट्या, विमा, बाकी काय मिळतं. ‘खरं खरं लिहा’ म्हणाली. सॉफ्टवेअरमधलीने भरलं, बँकेतलीने भरलं, शिक्षिकेने भरलं, इंटिरियरची कामं घेणारीनेही भरलं. माझी ओळ सर्वांत खाली आली. सॉफ्टवेअरवालीचा पगार माझ्या पावणेदोनपट आहे. आम्ही दोघी एका बाकावर बसायचो आणि गणितात मला तिच्यापेक्षा जास्त मार्क असायचे. मी भरलेली ओळ त्याच रात्री पुसून टाकली. तेव्हापासून कामावर जाताना पाय ओढतात. नवरा म्हणतो, तुलना करू नकोस, समाधान मानायला शिक. कोडिंगचा कोर्स करून क्षेत्र बदलावं असं डोक्यात घोळतंय. तुलना सोडू की नोकरी? नाव छापू नये. माहितीसाठी: आठवड्याला ४४ तास ड्युटी, घर जवळ आहे. महिन्याला चार रात्री ऑन-कॉल, फोन आला की अर्ध्या तासात पोहोचायचं. त्याचा वेगळा भत्ता नाही, रात्री बोलावलं तर दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा यायची मुभा असते.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांचा हेतू चांगला असेल, पण त्यांचा सल्ला मला पटत नाही. पगाराची तुलना हा मनाचा कोतेपणा नव्हे, मत्सरही नव्हे. आपण जे देतो त्याच्या बदल्यात मिळतं ते रास्त आहे का, हे इतरांकडे पाहिल्याशिवाय कळायला दुसरा मार्गच नसतो. तुम्हाला जे झालं ते मोजलंही गेलं आहे. कॅलिफोर्नियात २००८ साली एका वृत्तपत्राने सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार सर्वांना पाहता येतील असे खुले केले. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या विद्यापीठातल्या काही कर्मचाऱ्यांना त्या यादीची माहिती कळवली, काहींना कळवली नाही, आणि नंतर सगळ्यांना प्रश्न विचारले. आपल्याच विभागात, आपल्यासारख्याच कामात ज्यांचा पगार मधल्या पातळीच्या खाली निघाला, त्यांचं समाधान घटलं आणि दुसरी नोकरी शोधण्याचा विचार वाढला. ज्यांचा वर निघाला, त्यांना मात्र काहीच जास्तीचा आनंद झाला नाही. म्हणजे तुमची रात्र खराब झाली हे खरं, पण त्या तक्त्यातून तुमच्या मैत्रिणीच्या पदरातही फारसं काही पडलेलं नसावं.

तेव्हा तुलना करायचीच. प्रश्न हा आहे की त्या तक्त्यात तुलना नेमकी कशाची झाली.

वेगवेगळ्या पेशांतले पगार शेजारी-शेजारी मांडून पाहणं जुनं आहे. १७७६ साली अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने लिहून ठेवलं की लोहार हा कसबी कारागीर असूनही बारा तासांत क्वचितच तेवढं कमावतो, जेवढं कोळशाच्या खाणीतला साधा मजूर आठ तासांत कमावतो. कारण लोहाराचं काम तितकं मळकट नाही, तितकं धोक्याचं नाही, आणि ते जमिनीवर, उजेडात चालतं. या एका वाक्यात तुमच्या मैत्रिणीच्या तक्त्यापेक्षा जास्त रकाने आहेत. त्यात तास आहेत, कसब आहे, जीवाचा धोका आहे, उजेड की अंधार तेही आहे. गटातल्या तक्त्यात तासांचा रकानाच नाही. म्हणून मी तुमचा हिशेब तासांनी करून पाहिला.

तुमचा वर्षाचा पगार १०० धरू, सॉफ्टवेअरमधल्या मैत्रिणीचा १७५. तुमचे आठवड्याचे ४४ तास, घर जवळ म्हणून येण्याजाण्याचे ३ धरते, एकूण ४७. रजा आणि सुट्ट्या मिळून पाच आठवडे सोडले तर वर्षाला ४७ आठवडे, म्हणजे २,२०९ तास. मैत्रिणीचे तास तुम्ही लिहिलेले नाहीत. तिच्यासारख्या कामात रात्रीचे कॉल धरून आठवड्याला ५२ तास आणि प्रवासाचे १० असे ६२ धरू. खरोखर घेतलेल्या सुट्ट्या तीन आठवडे. ६२ गुणिले ४९, म्हणजे ३,०३८ तास. आता १०० ला २,२०९ ने भागा आणि १७५ ला ३,०३८ ने. पावणेदोनपटीचं अंतर सव्वापटीच्या किंचित वर येऊन थांबतं.

प्रवास यात धरायचा का, असं काही जण विचारतात. धरायचाच. सिद्धांत असा असतो की लांबचा प्रवास करणाऱ्याला त्याचा मोबदला चांगल्या पगारातून किंवा स्वस्त घरातून मिळून जातो. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची माहिती तपासली, तेव्हा जास्त वेळ प्रवास करणारे लोक आयुष्याबद्दल एकंदरीत कमी समाधानी निघाले. म्हणजे पुरती भरपाई होत नव्हती.

इथे थांबले असते तर तुम्हाला बरं वाटलं असतं आणि मला एक गोड उत्तर छापता आलं असतं. पण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा वाचलं. महिन्याला चार रात्री ऑन-कॉल. बारा तासांची रात्र धरली तर महिन्याला ४८ तास. या तासांत तुम्ही घरी असता, झोपताही, म्हणून ते निम्मे धरू: महिन्याला २४, वर्षाला २८८. ते मिळवले की तुमचे तास २,४९७ होतात आणि सव्वापटीपर्यंत आलेलं अंतर पुन्हा १.४ पटीवर जातं. एवढ्या चार रात्रींनी. आणि या रात्रींना तुमच्या पगारपत्रकावर ओळसुद्धा नाही.

मी बरीच वर्षं पगारपत्रकांचं काम पाहिलं आहे. लोक खिडकीशी येऊन कपातींबद्दल भांडतात, कारण कपात कागदावर दिसते. जे काम कागदावर आलेलंच नाही, त्याबद्दल विचारायला फार थोडे येतात. ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे’ हे उत्तर इतकं मुरलेलं असतं की विचारणाऱ्यालाच आपण काहीतरी वावगं मागतोय असं वाटतं. तुमच्या पत्रातही ऑन-कॉलच्या रात्री ‘माहितीसाठी’ म्हणून शेवटी आल्या आहेत. माझ्या मते तुमची खरी तक्रार तिथे आहे, आणि ती सॉफ्टवेअरवालीच्या पगाराच्या आड लपली आहे.

तक्त्यातल्या बाकीच्या ओळींबद्दल थोडक्यात. इंटिरियरची कामं घेणाऱ्या मैत्रिणीने जो आकडा लिहिला तो बहुधा हाती आलेला पैसा आहे, पगार नव्हे. त्यातून कारागिरांचे पैसे, काम नसलेले महिने, बुडीत गेलेली बिलं, स्वतःचा विमा आणि म्हातारपणाची तरतूद वजा करायची आहे. आजारी पडली तर तिची रजा तिच्याच खिशातून जाते. बँकेतल्या मैत्रिणीला सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळत असेल तर तो पगाराचाच भाग समजा, आणि बदल्या होत असतील तर त्या उलट्या बाजूला लिहा. शिक्षिकेची मोठी सुट्टी सगळ्यांना दिसते, घरी नेलेले पेपरांचे गठ्ठे दिसत नाहीत. सॉफ्टवेअरवालीच्या १७५ मध्ये कामगिरीवर अवलंबून असलेला भाग किंवा कंपनीचे शेअर असतील तर कागदावरचा आकडा धरू नका, गेल्या तीन वर्षांत हातात आलेल्याची सरासरी विचारा. विम्याचंही तसंच: नवऱ्याच्या विम्यात तुम्ही आधीच असाल तर तुमच्या नोकरीतल्या विम्याची किंमत तुमच्यापुरती कमी होते, आणि एकट्या कमावत्या बाईला तोच विमा नोकरी धरून ठेवायचं सर्वांत मोठं कारण असू शकतो. निवृत्तिवेतन किंवा भविष्य निधीत मालक जे भरतो तो तुमचाच पगार आहे, उशिरा मिळणारा. तो मोजल्याशिवाय कुणीही ‘मला कमी मिळतं’ किंवा ‘मला जास्त मिळतं’ म्हणू नये.

आता गणिताच्या मार्कांबद्दल. पत्रात सर्वांत जास्त दुखलेलं वाक्य तेच आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

पगार म्हणजे हुशारीचं बक्षीस असतं तर तुमचा राग रास्त होता. पण पगार तसा ठरत नाही. तुमच्या मैत्रिणीने लिहिलेला प्रोग्राम एकदा तयार झाला की दहा जण वापरोत की दहा लाख, तिचे तास तेवढेच राहतात. तुमच्या हाताखालून रुग्ण एकेकच जातो. सीटीचं यंत्र पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने चालतं, छातीचा स्कॅन काही सेकंदांत होतो. पण कंबरेचं हाड मोडलेल्या आजोबांना स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना चादर चार बाजूंनी धरायची, ‘आता उचलतोय हं’ म्हणून सांगायचं, त्यांचा कण्हण्याचा आवाज थांबेपर्यंत हात तसाच ठेवायचा, मग ‘श्वास रोखा’ हे दोनदा समजावायचं, याला जेवढा वेळ वीस वर्षांपूर्वी लागायचा तेवढाच आज लागतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात हे संगीतकारांच्या उदाहरणाने मांडलं. चौघांनी मिळून वाजवायची संगीतकार बेथोव्हेनची रचना वाजवायला त्याच्या काळी जितके वादक आणि जितका वेळ लागत होता, तितकाच आजही लागतो. कारखान्यातलं उत्पादन दर माणशी कैकपटीने वाढलं, या चौघांचं वाढलंच नाही.

मग वादकांचे पगार त्या काळातल्याइतकेच का राहिले नाहीत? कारण तेवढ्यावर कुणी वादक राहिलाच नसता, दुसऱ्या कामाला गेला असता. त्यांना टिकवण्यासाठी पगार वाढवावे लागले. रुग्णसेवा, शिक्षण, वृद्धांची काळजी ही सगळी कामं याच जातीची आहेत. त्यातल्या माणसाचा पगार तो किती उपयोगाचा आहे यावर कमी आणि तो सोडून गेला तर काय होईल यावर जास्त ठरतो. हे मला न्यायाचं वाटत नाही. पण ते समजलं की दोन गोष्टी होतात: मार्कांचा सल जातो, आणि आपलं वजन कुठे आहे ते दिसतं. तुम्ही गेलात तर रात्री दोन वाजता डोक्याला मार लागून आलेल्या माणसाचा सीटी कोण काढणार, हा प्रश्न तुमच्या व्यवस्थापनाला पडतो. तो त्यांना पडतो हे तुम्हालाही माहीत असायला हवं.

कोडिंगच्या कोर्सबद्दल. तुम्हाला ते काम आवडत असेल, रात्री जागून एखादं कोडं सोडवायची ओढ असेल, तर जरूर विचार करा. पत्रात मात्र त्या कामाबद्दल एक शब्दही नाही, फक्त पगाराबद्दल आहे. आणि पगारासाठीच जायचं असेल तर आकडा चुकीचा घेतला आहे. तुम्ही आपल्या १४ वर्षांच्या पगाराची तुलना तिच्या १४ वर्षांच्या पगाराशी करता आहात. क्षेत्र बदललंत तर तुम्हाला मिळणार आहे तिचा पहिल्या वर्षाचा पगार, तोही ३७ व्या-३८ व्या वर्षी, बावीस-तेवीसच्या मुलांशी स्पर्धा करून. तो आकडा मैत्रिणीला स्पष्ट विचारा: ‘तुझ्याकडे आज नवीन माणूस कितीवर लागतो? माझ्या वयाच्या, अनुभव नसलेल्या कुणाला घेतलं आहे का?’ त्यातून कोर्सची फी आणि मधल्या काळातला बुडालेला पगार वजा करा. तुमची साठलेली सेवाज्येष्ठता, निवृत्तीचे लाभ आणि रजाही त्यातच वजा होतील. एवढं करूनही बाकी तुमच्या बाजूने उरली तर मी तुम्हाला अडवणार नाही.

त्याच्या आधी शेजारची दारं ठोठावून पाहा, असं मात्र आग्रहाने सांगेन. एमआरआयचं प्रशिक्षण घेता येतं का ते पाहा. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या रुग्णालयांतल्या लोकांना यंत्र वापरायला शिकवण्यासाठी अनुभवी रेडिओग्राफर घेतात. त्याला अ‍ॅप्लिकेशन स्पेशालिस्ट म्हणतात. फिरती असते, पण रात्रीची ड्युटी सहसा नसते. शिकवण्याची हातोटी असलेल्या अनुभवी माणसांना प्रशिक्षण संस्थाही शोधत असतात. यातल्या कुठल्याही दारात तुमची १४ वर्षं जमेला धरली जातात.

आणि मुख्य काम हे: आता दुसरा तक्ता करा. त्यात मैत्रिणी नकोत, रेडिओग्राफर हवेत. तुमच्याबरोबर शिकलेल्या, वेगवेगळ्या रुग्णालयांत गेलेल्या पाच-सात जणींना विचारा. मूळ पगार किती, रात्रपाळीचा भत्ता किती, ऑन-कॉलला काय देतात, बोलावलं तर तासाचे वेगळे पैसे मिळतात का, दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का, किरणोत्साराच्या कामाची वेगळी रजा किंवा भत्ता आहे का, अंगावर पडलेला किरणोत्सार नोंदवणाऱ्या छातीवरच्या बॅजची मोजणी वेळेवर होते का आणि तिचा आकडा दाखवतात का. सॉफ्टवेअरवालीचा पगार घेऊन तुम्ही तुमच्या व्यवस्थापकासमोर बसू शकत नाही. शेजारच्या रुग्णालयातल्या रेडिओग्राफरचा ऑन-कॉल भत्ता घेऊन बसू शकता.

हे विचारायला संकोच वाटेल. आपल्याच पेशातल्या माणसाला पगार विचारणं परक्याला विचारण्यापेक्षा अवघड जातं. पण ही चुप्पी कुणाला महागात पडते याचं एक उदाहरण देते. अमेरिकेत अलाबामातल्या एका टायर कारखान्यात लिली लेडबेटर १९७९ पासून १९९८ पर्यंत होत्या, पर्यवेक्षक म्हणून. पगाराबद्दल आपसांत बोलायचं नाही असा तिथला दंडक होता. नोकरीच्या अखेरीस कुणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली, तेव्हा कळलं की त्यांना महिन्याला ३,७२७ डॉलर मिळतात आणि त्याच कामावरच्या पुरुषांमधल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाला ४,२८६. त्या कोर्टात गेल्या. २००७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तक्रार करायची मुदत कधीच उलटली होती. २००९ मध्ये त्यांच्या नावाने कायदा बदलला, पुढच्या बायकांना त्याचा उपयोग झाला, पण त्यांच्या स्वतःच्या हाती बुडालेल्या पगारातलं काही आलं नाही. ती चिठ्ठी दहा वर्षं आधी मिळाली असती तर, असा विचार मी नेहमी करते. तुम्हाला चिठ्ठीची वाट पाहायची गरज नाही, फोन आहे.

ऑन-कॉलबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट जवळ ठेवा. बेल्जियममधल्या निव्हेल शहरात रुडी मात्झाक नावाचे स्वयंसेवी अग्निशामक होते. पाळी असली की त्यांनी घरीच असायचं आणि बोलावणं आल्यावर आठ मिनिटांत केंद्रात हजर व्हायचं. घरी आहात म्हणजे तो विश्रांतीचा वेळ, असं नगरपालिकेचं म्हणणं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ साली निकाल दिला की इतकं बांधून ठेवलेला वेळ हा कामाचा वेळ आहे. किती मोबदला द्यायचा हे मात्र त्या-त्या देशाच्या कायद्यावर सोडलं. तुमची मर्यादा आठ मिनिटांची नाही, अर्ध्या तासाची आहे, आणि तो निकाल तुमच्या रुग्णालयाला लागू होतो असंही मी म्हणत नाही. पण ‘घरी झोपायचे पैसे कसले?’ असं कुणी म्हणालं तर हा प्रश्न जगात गांभीर्याने विचारला गेला आहे, एवढं तुम्हाला ठामपणे सांगता येईल.

म्हणून पुढचे तीन महिने एक वही ठेवा. प्रत्येक ऑन-कॉल रात्रीची तारीख, फोन किती वाजता आला, किती वाजता पोहोचलात, किती वाजता सुटलात, कुठली तपासणी केली, दुसऱ्या दिवशीची दोन तासांची मुभा खरोखर मिळाली की ‘आज माणसं कमी आहेत’ म्हणून गेली. फोन आला नाही त्या रात्रीही लिहा. विभागातल्या बाकीच्या सहकाऱ्यांनाही लिहायला सांगा, कारण हा भत्ता एकट्या तुमच्यासाठी मागायचा नाही. मग दुसऱ्या रुग्णालयांची माहिती आणि ही नोंद मिळून एका पानाचा अर्ज करा. अर्जात तक्रारीचा सूर नको आणि मैत्रिणीचा उल्लेख तर नकोच. मागणी दोन भागांत मांडा: सज्ज राहण्याचा ठरावीक भत्ता आणि बोलावल्यास तासाचे पैसे. पैशाला नाही म्हणाले तर बदली रजा मागा. तीही पगारच आहे, आणि वर केलेल्या हिशेबात ती तुमचे तास कमी करते. अर्ज पोहोचल्याची सही घ्या. उत्तर तोंडी आलं तर नम्रपणे लेखी मागा.

राहिली पुसलेली ओळ. ती पुन्हा भरायची की नाही हे तुमच्यावर आहे. भरलीत तर मात्र आधी तक्त्यात दोन रकाने वाढवा, आठवड्याचे तास आणि घरी असूनही कामाला बांधलेले तास, आणि सगळ्यांना ते भरायला सांगा. सॉफ्टवेअरवाली तिथे काय लिहिते ते मलाही कळवा. तिच्याही काही रात्री कागदावर आलेल्या नसतील असा माझा अंदाज आहे.